उलीसा उतरलेला सूर

माणूस बेसूर असतो, हे मला मान्य आहे. गाणारे पुष्कळसे असतात आणि न गाणारेही काही कमी नसतात. पण वांगं बेसूर असू शकतं, दाराची कडी बेसूर असू शकते, पाटलाची मिशी बेसूर असू शकते, आणि अख्खी आगगाडी, इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत, बेसूर असू शकते, हे ज्ञान परमेश्वरानं साऱ्या पृथ्वीवर एकाच माणसाला दिलं होतं. आणि माझं नशीब असं, की तो माणूस माझा मामेसासरा निघाला.

वैनगंगेच्या खोऱ्यात, वडशाहून बैलबंडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर त्यांचं गाव होतं. भोवती जंगल, जंगलाच्या पोटात धानाच्या बांध्या, मधोमध एक मोठं तळं, तळ्यात मासे आणि दर घरात निदान एक नट. या झाडीपट्टीत माणूस जन्मतो तो नट म्हणून. शेती, मासेमारी, मजुरी वगैरे किरकोळ कामं तो दोन नाटकांच्या मधल्या वेळात उरकतो. आमचे मामा या सगळ्या नटांचे पेटीवाले होते. हार्मोनियमला तिकडे पेटी म्हणतात, आणि त्या गावात पेटी एकच होती. त्यामुळे सूर म्हणजे काय, हे ठरवण्याचा हक्कही एकाच माणसाकडे होता, आणि तो हक्क मामा कोतवालानं दवंडी पिटावी तशा उत्साहानं बजावत.

आता सूर हा शब्द तुम्हीआम्हीही वापरतो. सभेत नाराजीचा सूर निघतो, बायकोच्या बोलण्यात तक्रारीचा सूर असतो, एखाद्या गवयाचा सूर लागतो आणि एखाद्याचा पहाट झाली तरी लागत नाही. पण आपण हा शब्द पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबशीसारखा जपून बाहेर काढतो. मामा त्याच कपबशीत भात कालवत, त्याच कपबशीनं पाणी शेंदत आणि रागावले म्हणजे तीच फेकून मारत. त्या एका शब्दाच्या जोरावर त्यांनी उरलेली सगळी मराठी निकामी करून टाकली होती. भाजीत मीठ कमी पडलं की "सूर लागला नाई." अंगात कणकण असली की "आंग सुरात नाई." पाऊस वेळेवर आला की "औंदा आभाळ सुरात हाये," आणि दोन भावांनी वाटण्या केल्या की "फुटले सूर, काय सांगू तुमाले." त्या काळात पहिल्या-दुसऱ्या निवडणुका नुकत्या सुरू झाल्या होत्या. एक उमेदवार जीपवर भोंगा बांधून गावात आला आणि तासभर बोलला. बोलणं संपल्यावर मामा उठले आणि हात जोडून म्हणाले, "भाऊ, तुमचा भोंगा काळी एकमधी बोलून राह्यला अन् तुमी पांढरी तीनमधी. आमी मत कोनाले द्याव जी?" काळी एक, पांढरी तीन ही पेटीवरच्या पट्ट्यांची नावं, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसावं. त्याला वाटलं, हे नवे पक्ष आहेत. त्यानं दोन्ही पक्षांवर सडकून टीका केली.

माझं लग्नही या सुरातूनच पार पडलं. मी तेव्हा चांद्याला जंगल खात्यात कारकून होतो. मुलगी पाहायला मी गेलो होतो, असा माझा समज होता. ओसरीवर पाट मांडला होता, त्यावर बसलो. मुलीचे वडील कोपऱ्यात, आणि समोर हे मामा, डोक्याला पांढरा शेला गुंडाळलेले, डोळे बारीक केलेले. गाव कोणतं, शेत किती, काही नाही. एकदम म्हणाले, "जवाईबापू, जरा आ करा."

बाजारात बैल घेताना दात मोजतात, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. मी मुकाट्यानं तोंड उघडलं.

"आवाज काढा जी. दात कोन पाहून राह्यलं?"

मी भीत भीत "आऽ" केला. मामांनी डोळे मिटले. वैद्यानं नाडीवर बोट ठेवावं तसा त्यांनी कान माझ्याकडे केला आणि बराच वेळ मला तसंच आ वासून बसवलं. मग सासऱ्यांकडे वळून निकाल दिला, "पांढरी तीन. पन उलीसा उतरते."

उलीसा म्हणजे जरासा, केसभर. लोकांची स्थळं पत्रिकेवरून मोडतात, हुंड्यावरून मोडतात. माझं स्थळ केसभर उतरलेल्या आवाजावर अडकून पडलं. तेवढ्यात दाराआड जी कोण उभी होती ती फिस्सकन हसली. मामांचा चेहरा उजळला. "पोरगी काळी दोनमधी हासली बापा! जमते. सांभाळून घेईल." असं माझं लग्न ठरलं, आणि तेव्हापासून मला सांभाळून घेतलं जात आहे.

मामांबरोबर कुठेही जाणं ही शिक्षा होती. बाजारात मडकं घ्यायचं तर ते रांगेतलं एकेक मडकं उचलून, कानाशी धरून, टिचकी मारत. एकदा वडशाच्या बाजारात त्यांनी चाळीसेक मडकी वाजवली. कुंभारीण आधी हसली, मग कंटाळली, मग पदर खोचून उभी राहिली.

"अवो भाऊ, पानी भराचं हाये का गानं?"

"पानीच भराचं बाई. पन भरताना ते बोंबलंल, ते आयकाचं कोनाले? मलेच ना?"

शेवटी एक मडकं पसंत पडलं. ते मांडीवर घेऊन मामा अर्धा दिवस बंडीत बसले, वाटेत मला त्याचा सूर सातआठदा ऐकवला आणि घरी आल्यावर त्यात पाणी भरलं तर ते बुडातून गळायला लागलं. मामी कमरेवर हात ठेवून त्या धारेकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "गळून राह्यलं, पन सुरात गळून राह्यलं."

आगगाडीचं तर विचारूच नका. नवं लग्न झालेलं, बायकोला घेऊन मी चांद्याला परत निघालो होतो, पोचवायला मामा वडशाच्या स्टेशनावर आले होते. त्यांनाही नागभीडपर्यंत यायचं होतं. ती छोट्या रुळांची लहानशी गाडी आली, शिट्टी दिली, आणि मामांनी डब्यात चढणाऱ्या माझ्या बायकोचा हात धरून तिला खाली उतरवलं. "ह्या गाडीत बसाचं नाई. पांढरी पाच अन् काळी चार, दोन्हीच्या मधी अडकली ते. ज्याची शिट्टीच जाग्यावर नाई, त्याचे चाकं कुठी जाईन, सांगा?" गाडी गेली. आम्ही तिघं ट्रंकेवर बसून संध्याकाळच्या गाडीची वाट पाहत राहिलो. संध्याकाळी गाडी आली. तेच इंजिन, तोच ड्रायव्हर, तीच शिट्टी. मामांनी ती लक्ष देऊन ऐकली आणि समाधानानं मान हलवली. "आता बराबर. सकाळी थंडी होती ना, गळा तापला नव्हता." त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते मी कारकून असल्यामुळे गिळलं.

तर मामांनी साऱ्या जगाला असं बेसूर ठरवून ठेवलं होतं, आणि जगाला त्याचं काही वाटत नव्हतं. लोक हसत, नकला करत. वाटलं होतं ते एकाच माणसाला, आणि ते माणूस बोलत नव्हतं.

मामी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा पहाटे जात्यावर बसून गात असत. आठदहा दिवस झाले असतील. एका सकाळी ओसरीवरून मामा दात घासता घासता म्हणाले, "उलीसा उतरते वं." एवढंच. रागानं नाही, सहज. जशी मडक्याला टिचकी मारत तशी. मामींनी गाणं तिथंच थांबवलं, आणि मग तीस वर्षं त्या घरात त्या गायल्या नाहीत. ही गोष्ट मला माझ्या बायकोनं सांगितली. मामांना विचाराल तर त्यांना ती आठवतही नव्हती. टिचकी मारणाऱ्याला कुठलं आठवतंय!

पण रोवणीच्या दिवसांत, बांधीत गुडघाभर चिखल, पंधरावीस बाया वाकून ओळीनं धानाची रोपं लावताहेत, तेव्हा गाणं उचलायच्या त्या मामीच. त्या एक ओळ टाकत आणि बाकीच्या बाया ती झेलत. मामा त्या वेळी बरोबर पलीकडच्या बांधावर "पान्याचा सूर पाहाले" निघून जात. एकदा मी बांधावर उभा राहून ते गाणं ऐकलं. मला सुरातलं काही कळत नाही. माझी लायकी पांढरी तीन, आणि तीही उतरलेली. पण छत्री मिटून मी पावसात तसाच उभा राहिलो. दुपारी मी मामींना विचारलं, "मामी, घरी का नाही हो म्हणत कधी?"

"घरी पेटी हाये ना जवाईबापू," मामी भाकर थापता थापता म्हणाल्या. "एका घरात दोन सूर कायले पायजे?"

आणि ती पेटी! तिच्याइतके लाड त्या घरात कुणाचे झाले नसतील. धानाच्या मुलखात सगळ्या रोगांवर धान हेच औषध असतं. आंबे पिकवायचे तर धानाच्या तणसात घाला, अंडी ठेवायची तर धानात पुरा, लग्नाचा शालू कसर लागू नये म्हणून धानाच्या कणगीत. त्या हिशेबानं मामा पेटीही धानात ठेवत. घरात माणूसभर उंचीची, बांबूची विणलेली, शेणानं लिंपलेली धानाची ढोली होती. पावसाळा लागला की पेटी धोतरात गुंडाळून त्या ढोलीत, गळ्यापर्यंत धानात. ओल लागू नये हे एक कारण. दुसरं कारण मामा आवाज उतरवून सांगत, "सूर पिकते जी. आंब्यावानी." वर्षानुवर्षं हा प्रकार चालला आणि पेटी खरोखरच टिकली, त्यामुळे कुणाला बोलायला तोंड राहिलं नाही. दसऱ्याला पेटी बाहेर निघायची, मामांच्याच पडवीत तालमी सुरू व्हायच्या, आणि तालीम संपली की पेटी पुन्हा ढोलीत. दाराआड मामी चुलीशी बसून हे सगळं तीस वर्षं ऐकत आल्या होत्या.

दिवाळीनंतर त्या भागात गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्रा, बाजार, लेकी-जावयांचा मेळा आणि रात्री नाटक, सगळं एकत्र. आसपासच्या दहा गावांहून लोक बंड्या जुंपून येतात. आमच्या गावची एक रीत होती. दुपारी, उन्हं अजून डोक्यावर असताना, नाटकवाली सगळी मंडळी तोंडाला रंग लावून चौकात येत आणि नाटकाची नांदी म्हणत. ती ऐकून परगावचे लोक ठरवत, थांबायचं का निघायचं. नांदी रंगली की बैल सुटत, चारा पडत, बायका चुली मांडत. नांदी पडली की बंड्या पुन्हा जुंपल्या जात आणि पलीकडच्या गावच्या नाटकाकडे वळत. त्यामुळे गावची वर्षाची सगळी अब्रू त्या एका नांदीवर टांगलेली असे, आणि नांदी पेटीवर.

मी सांगतो त्या वर्षी मी आणि बायको मंडईला गेलो होतो. दिवाळीत हलकं, लवकर पिकणारं धान निघालं होतं आणि ते, ओलंसरच, ढोलीत ओतलं होतं, पेटीच्या डोक्यावरून. तीन दिवस तालीम नव्हती. सकाळी मी मामांना म्हटलं, "मामा, एकदा वाजवून तर पाहा." मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी काही अमंगळ बोललो. "मंडईच्या दिवशी पैला सूर चौकातच. नवरीचं तोंड मांडवातच पाहाव, जवाईबापू. तुमी नाई का पाह्यलं?" मी नवरीचं दाराआडचं हसू आधीच ऐकलं होतं, तोंड पाहिलं नव्हतं, पण तो मुद्दा काढला नाही.

दुपार झाली. चौकात हीऽऽ गर्दी. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, मागे बंड्यांची रांग. मधे मांडलेल्या तख्तावर मंडळी. त्यात सगळ्यांत पुढे सोमाभाऊ. हे एरवी तळ्यात जाळं टाकत आणि मंडईला राजा होत. गावातला एकच असा गळा, की ज्याच्यासाठी दुसऱ्या गावचे लोक थांबत. त्यांना एकच खोड होती. पेटीवर काळी चारची पट्टी दाबून मामांनी सूर दिला, की तो धरून ते आकाशात चढत. सूर मिळाला नाही, तर त्यांच्या तोंडून हाकसुद्धा निघत नसे. मामांनीच त्यांना तसं वळण लावलं होतं. "माझ्याबिगर कोनी सुरू कराचं नाई," असा दंडक होता.

नारळ फुटला. मामांनी पेटीला हळद-कुंकू वाहिलं, तिच्यावरचं धोतर सोडलं, भात्याला हात घातला, काळी चार दाबली.

पेटीतून धान पडलं.

आधी चार दाणे, मग मूठभर, मग एक लांब श्वास, म्हाताऱ्या रेड्यानं सोडावा तसा, आणि त्यामागून एक उंदीर. उंदीर तख्तावर उभा राहिला, त्यानं साऱ्या मंडईकडे पाहिलं आणि राजाच्या पायातून पळून गेला. भात्याचं कातडं त्यानं आणि त्याच्या कुटुंबानं तीन दिवसांत खाऊन टाकलं होतं. क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग एकदम असा हशा उठला, की बंड्यांचे बैल उभे राहिले.

"पिकला गा सूर!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "पिकून फुटला!"

मामा भाता हलवतच होते. धान गळत होतं. सोमाभाऊ तोंड उघडून उभे होते, कपाळावरचा रंग घामानं नाकावर आला होता. "भाऊ, सूर द्या ना जी," ते दातांतून म्हणत होते, "सूर द्या." मामांची बोटं पट्टीवर होती आणि पट्टी मुकी होती. मी त्या माणसाला वर्षानुवर्षं मनातल्या मनात हसत आलो होतो. आता सारं गाव उघड हसत होतं, आणि मला हसू येईना. मागे पाहिलं तर दोन बंड्यांना बैल जुंपून झाले होते, तिसरीच्या बैलांच्या मानेवर जू चढत होतं.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं एक आवाज आला. शब्द नव्हते. नुसता "आऽऽऽ". उंच नाही, मोठा नाही. पण आरपार सरळ, जसा रोवणीत ओळीनं ताणलेला दोर. लोक माना वळवून पाहायला लागले. पहिल्या रांगेत मामी बसल्या होत्या, डोक्यावर पदर, नजर जमिनीवर, आणि त्यांच्या बंद मुठी मांडीवर. सोमाभाऊंनी तो सूर ऐकला आणि बुडणाऱ्यानं दोरी धरावी तसा धरला. राजा वर चढला. नांदी सुरू झाली.

ती नांदी किती वेळ चालली, मला सांगता येणार नाही. मामींनी सूर एकदाही सोडला नाही. श्वास घ्यायच्या तो नेमका तिथं, जिथं मामा भाता ओढून घेत असत. तीस वर्षं दाराआडून ऐकलेल्या त्या पेटीचा दमसुद्धा त्यांना पाठ होता. आणि मामा? मामा पेटी वाजवत होते. मेलेल्या भात्याला झोका देत होते, मुक्या पट्ट्यांवर बोटं फिरवत होते, डोळे मिटलेले. नांदी संपली तेव्हा मागे जुवं खाली पडल्याचे आवाज झाले. बैल सुटले. कुणीतरी चूल पेटवली.

त्या रात्रीचं नाटक पलीकडच्या गावाहून मागून आणलेल्या पेटीवर झालं. ती वाजवायला मामा बसले नाहीत आणि तिच्यावर सोमाभाऊंचा जीव लागला नाही. पण थांबलेले लोक थांबले. त्याआधी संध्याकाळी पडवीत मंडळी चहाला बसली होती. सोमाभाऊ अर्धा रंग पुसून म्हणाले, "भाऊ, बाईनं आज गाव राखलं जी. सांगा, कसा होता सूर?"

सगळे थांबले. दाराआड भांड्याचा आवाज थांबला. मीही थांबलो. तीस वर्षांनी एक शब्द बोलायची अशी संधी माणसाला पुन्हा मिळत नाही.

मामांनी बशीतला चहा फुंकला. "उलीसा उतरते," ते म्हणाले.

आत भांडी पुन्हा वाजायला लागली. सोमाभाऊ पेला ठेवून उठून गेले. बाकीचेही एकेक करून गेले. मी मामांकडे पाहिलं आणि मनात ठरवलं, हा माणूस माझ्या नजरेतून उतरला. आणि उलीसा नाही, पार तळापर्यंत. दुसऱ्या दिवशी निरोप न घेताच निघायचं होतं, पण बायको थांब म्हणाली म्हणून दोन दिवस थांबलो. म्हणून तर पुढचं पाहायला मिळालं.

दुसऱ्या दिवशी मामा पहाटेच बंडी जुंपून वडशाला गेले आणि तिसऱ्या दिवशी पेटी दुरुस्त करणारा कारागीरच बंडीत घालून घेऊन आले. त्यानं भात्याला नवं कातडं लावलं. कोंडा साफ केला. पट्ट्यांखाली ज्या पितळी पात्या असतात, ज्या वाजतात, त्या धानाच्या ओलीनं हिरव्या पडल्या होत्या. त्या घासून नव्यानं सुरात लावायच्या होत्या. कारागिरानं पिशवीतून आपल्याजवळची नमुन्याची पाती काढली, जिच्यावरून तो सगळ्या पेट्या लावत असे. मामांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि परत पिशवीत टाकली.

"अवं," त्यांनी आत हाक मारली, "जरा येतं का?"

मामी हात पुसत बाहेर आल्या.

"बस," मामा म्हणाले. ते मामींकडे पाहत नव्हते. ढोलीकडे पाहत होते. "काळी चार दे ह्याले."

मामी उभ्याच राहिल्या. मग खांबाला टेकून बसल्या, पदर सारखा केला आणि सूर दिला. त्या घरात, त्या ओसरीवर, तीस वर्षांनी. कारागीर कान देऊन ऐकत राहिला, पाती घासली, वाजवून पाहिली, पुन्हा ऐकलं आणि अडखळला. हुशार माणूस होता, पण त्याला घरचं काय माहीत! म्हणाला, "भाऊ, बाईचा गळा लई चांगला हाये. पन उलीसा उतरते जी."

मामी सूर तोडून, पदर सावरत उठायला लागल्या.

मामा कारागिराकडे वळले. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं, आगगाडीवरसुद्धा.

"मंग पेटी उतरव!" ते ओरडले. "तिले काऊन चढवतं?"

पेटी उतरली. संध्याकाळपर्यंत मामी सूर देत होत्या आणि कारागीर एकेक पाती खाली आणत होता. त्या दिवसापासून त्या गावाचं सगळं गाणं, साऱ्या जगापेक्षा केसभर खाली गेलं. परगावचा बासरीवाला आला की त्याचं जमेना. पुढे गावात पहिला रेडिओ आला, मामांनी तो पाच मिनिटं ऐकला आणि म्हणाले, "बंद करा. बेसूर हाये." आणि ज्यांचे कान त्या पेटीवर वाढले होते त्या साऱ्या गावाला ते पटलं! दिल्लीपासून नागपूरपर्यंत सगळे बेसूर आणि सुरात काय ते एक गाव. इतका मूर्खपणा इतक्या एकजुटीनं केलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. जात्यावर मात्र पुन्हा गाणं सुरू झालं होतं, आणि ओसरीवर मामा दात घासत असत, तोंडात राखुंडी असल्यामुळे असेल, पण काही बोलत नसत.

मामी आधी गेल्या, रोवणीच्याच दिवसांत, चार दिवसांच्या तापानं. त्यानंतर मी गेलो तेव्हा मामा पडवीत पेटी घेऊन बसले होते. काही वाजवत नव्हते. नुसती काळी चार दाबून हळूहळू भाता हलवत होते. मला म्हणाले, "जवाईबापू, पाहा बरं. बराबर हाये का?"

मला काय कळणार! म्हटलं, "बरोबर आहे मामा."

"उलीसा उतरते," मामा म्हणाले, आणि भाता तसाच हलवत, "उतरलाच पायजे."

ती पेटी आता माझ्याकडे आहे. कपाटात असते, धानात नाही. हलवली तर अजून एखादा दाणा खडखडतो, कुठे अडकलाय सापडत नाही. परवा चांद्याचा एक पेटी लावणारा घरी आला होता. दोन पट्ट्या दाबून त्यानं नाक मुरडलं. "साहेब, कोणत्या अडाण्यानं लावली ही? सगळीच खाली आहे. एका दुपारात जागेवर आणून देतो." मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

बायकोनं आतून विचारलं, "काय म्हणत होता?"

"म्हणत होता, उलीसा उतरते."

ती हसली. कोणत्या पट्टीत हसली, ते मला कळलं नाही. सांगणारा माणूस आता राहिला नाही.